गाडी तापल्यावर बघा

माझे डोळे गेले, गुडघे गेले, नाक शाबूत आहे. गाडीतला दोष घरात सगळ्यांत आधी कळला तो ह्या नाकाला.

मुलगा आणि सून दोघंही जवळच्या ओरत्तनाडू गावी नोकरीला. तो सरकारी कचेरीत, ती शाळेत. आधी बसने जायचे. मग नवी गाडी घेतली, पांढरी. चाकांखाली लिंबं ठेवून चिरडली, गल्लीत पेढे वाटले. आमची गल्ली तमिळ मुलुखातल्या मराठ्यांच्या जुन्या राजवाड्यामागची, अरुंद. गाडी उभी केली की आमच्या तिण्णैला, म्हणजे दारापुढच्या ओट्याला, जवळजवळ घासते. मी संध्याकाळी त्याच ओट्यावर बसते.

एका संध्याकाळी शेवग्याचा पाला निवडत होते. दोघं परत आली, गाडी उभी राहिली, आणि पाल्याच्या वासातून पेट्रोलचा वास आला.

"गाडीतून वास येतोय," मी म्हटलं.

"नवी आहे, आई. नव्या गाडीला वास असतोच," मुलगा म्हणाला.

"नव्याचा वास मला माहीत आहे. हा पेटायच्या आधीचा वास आहे."

तो हसला. मी नाही हसले. मी नवी सून होते तेव्हा समोरच्या घरात रॉकेलचा स्टोव्ह भडकला होता. त्या बाईवर गोणपाट टाकायला गेलेल्यांत मी होते. भडकायच्या आधी कितीतरी वेळ गल्लीत वास येत होता आणि आम्ही सगळ्या आपापल्या चुलीपाशी होतो. ती बाई वाचली नाही. तेव्हापासून असला वास आला की मी हातातलं काम टाकून उठते. त्याला कोणी वेड म्हणो.

नंतर मी लक्ष ठेवलं. वास रोज संध्याकाळी यायचा, गाडी ओरत्तनाडूहून आली की. सकाळी मी मुद्दाम गाडीजवळ जाऊन वाकून हुंगत असे. काही नाही. शेजारीण म्हणाली, "पाट्टी, गाडीची पापी घेताय का?" पाट्टी म्हणजे आजी. इथे मला सगळे पाट्टीच म्हणतात.

मग एक दिवस पट्टुक्कोट्टै रस्त्यावर, कालव्याच्या पुलावर, गाडी चालता चालता मेली. मागून विटांनी भरलेली लॉरी येत होती. बॉनेटखालून धूर निघाला. मुलाने घरी येऊन सांगितलं, "थोडी बंद पडली होती. गरम झाली असेल." सुनेने मात्र स्वयंपाकघरात येऊन खरं सांगितलं. तिने भांड्यांच्या पाण्यात हात घातले आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"आई, दार उघडेना. इंजिन मेलं तसं दाराचं कुलूपही मेलं. मी खटका ओढतेय, ओढतेय. धूर आत आला. ह्यांनी पाय टेकवून लाथ मारली तेव्हा उघडलं. लॉरीवाल्याने ब्रेक लावला म्हणून आम्ही आज जेवतोय."

"उद्यापासून बसने जा," मी म्हटलं.

"तुम्हीच सांगा त्यांना."

सांगितलं. बस सुरू झाली आणि गाडी सर्व्हिस सेंटरला गेली. त्यांनी धुऊन परत दिली. दोष आढळला नाही, असं कागदावर लिहिलं. माझ्या मुलाने तो कागद देवाच्या तीर्थासारखा घेतला आणि दोघं पुन्हा गाडीने जायला लागली. पुन्हा वास आला. पुन्हा एकदा गाडी मेली, ह्या वेळी बाजारात. पुन्हा सर्व्हिस सेंटर, पुन्हा धुतलेली गाडी, पुन्हा तोच कागद. गाडी इतकी स्वच्छ आमच्या घरात कोणीही ठेवली नसती.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. दोघं गेली की माझ्या हातात काम नाही, तोंडात चव नाही. टेलिफोन वाजला की उठायचं धैर्य होत नसे. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला की श्वास सुटायचा. तो सुटतो न सुटतो तोच वास यायचा.

मुलाने ठरवलं, दृष्ट लागली आहे. शुक्रवारी देवळात पूजा करायची. मला आणि सुनेला घेऊन तो गाडीने निघाला. मी नको म्हणत होते, पण दोघंच जळाली तर मी घरी बसून काय करणार, म्हणून बसले. देवळापुढे उतरलो. इंजिन नुकतंच बंद केलेलं, वास दरवळतोय. देवळातले पुजारी, गुरुक्कळ, ताटात कापराचा डोंगर पेटवून आले आणि गाडीला ओवाळण्यासाठी बॉनेटवर वाकले. मी मध्ये हात घातला.

"अम्मा, हे काय? देवाच्या दिव्याला अडवता?"

"स्वामी, मागे घ्या. पेट्रोल गळतंय."

"गाड्या रोज ओवाळतो मी. कोणाचीच गळत नाही."

"माझ्यासारखं नाक तुमच्याकडे नसेल. लांबून ओवाळा. त्या नारळाच्या झाडापाशी उभे राहून ओवाळा. देवाला दिसतं."

माझ्या मनगटावर चटका बसला होता. गुरुक्कळ रागावून लांबून ओवाळून गेले. मुलगा तोंड चुकवत होता, कारण लोक बघत होते. पण येताना त्याने काच खाली केली आणि नाक बाहेर काढून बसला. तेव्हा मला कळलं, ह्यालाही वास येतोय. ह्याला पहिल्यापासून येत होता.

मागच्या गल्लीत एक वकीलबाई राहते, ग्राहकांच्या तक्रारी चालवते. मी मुलाला ओढत तिच्याकडे नेलं. मी पाचवी शिकलेली. कायदा मला तिनेच सांगितला आणि तो मला समजला, म्हणजे कोणालाही समजेल. आधी कंपनीला आणि विकणाऱ्याला लेखी तक्रार द्यायची, तोंडी नाही. दरवेळी सर्व्हिस सेंटरचा कागद जपायचा, दोष नाही असं लिहिलेला असला तरी, कारण आपण पुन्हापुन्हा गेलो हे त्यातूनच दिसतं. मग वकिलाची नोटीस. तरी ऐकलं नाही तर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार. कंपनी कुठलीही असो, तक्रार इथेच, आपल्या गावात करता येते. गाडी बदलून मागता येते, दिलेली किंमत परत मागता येते, झालेल्या त्रासाची भरपाई मागता येते. दोष दिसत नसेल तर आयोगाला सांगून जाणत्या माणसाकडून तपासणी करून घेता येते. शिवाय सरकारकडे वेगळी तक्रार नोंदवायची. तशाच गाड्यांच्या पुरेशा तक्रारी जमल्या तर कंपनीला सगळ्या गाड्या परत बोलवाव्या लागतात.

"वेळ लावू नका," ती म्हणाली. "कायद्याला मुदत असते. आणि आगीला नसते."

मुलाने सर्व्हिसचे कागद पिशवीत भरले. मग म्हणाला, "मॅडम, मी सरकारी नोकर. कोर्टाचं झंझट नको. मन्नारगुडीचा एक जण गाडी घ्यायला तयार आहे. विकून मोकळा होतो."

"दोष सांगून?"

मुलगा चपला शोधायला लागला.

"न सांगता विकलीत तर उद्या तो माणूस आयोगात येईल आणि समोरच्या बाजूला तुम्ही बसाल," वकीलबाई म्हणाली. "तो यायला जिवंत राहिला तर."

तरी मुलाने नुसती लेखी तक्रार केली, पुढचं पाऊल टाकलं नाही. तक्रारीवर कंपनीने उत्तरेकडून आपला एक इंजिनियर पाठवला. मी मुलाबरोबर सर्व्हिस सेंटरला गेले.

आता आमची एक सवय सांगते. इथे पिढ्यान्‌पिढ्या आम्ही मराठी बोलतो आणि गावात आम्हा थोड्या घरांशिवाय ती कोणाला कळत नाही. म्हणून साडीच्या दुकानात, भाजीवालीपुढे, डॉक्टरपुढे, मुलगी बघायला गेल्यावरसुद्धा, आम्ही समोरच्याच्या तोंडावर मराठीत हवं ते बोलतो. आमच्यासाठी ती भाषा म्हणजे बंद दार. मीही आयुष्यभर तसंच बोलत आले. त्या दिवशीही बोललो.

इंजिनियर दाढीवाला, मॅनेजरशी इंग्रजीत आणि हिंदीत बोलत होता. बॉनेट उघडं होतं. गाडी सकाळपासून उभी, थंडगार.

मुलगा मला म्हणाला, "ह्या बोकडाला काय कळणार आहे. नुसतं हुंगतोय."

"हुंगू दे. नाक तरी आहे," मी म्हटलं.

"मी सांगू का आई? एक नळी बदलून दे म्हणायचं, नवीन कागद घ्यायचा आणि त्या मन्नारगुडीवाल्याला देऊन टाकायची. तो विचारत नाहीये काही. दोन मुलींना घेऊन वेलांकण्णीच्या यात्रेला जायची घाई आहे त्याला."

"दोन मुली?"

"आई, हळू."

"हळू कशाला, इथे कोणाला कळतंय! दोन लहान मुलींना तू ह्याच्यात बसवणार?"

इंजिनियरने मान वर केली नाही. थोड्या वेळाने मॅनेजर फोनवर बोलायला आत गेला, मुलगा सही करायला त्याच्या मागोमाग गेला. मी पाणी प्यायला मागच्या बाजूला निघाले. तर मागून आवाज आला.

"आजी, जपून. पुढे पायरी आहे."

मराठीत. माझ्या हातातून पेला पडला. मागे बघायचं धैर्य होईना, इतकी मी घाबरले.

"सगळं ऐकलंत?"

"सगळं. तुमची मराठी माझ्या पणजीसारखी आहे, पण कळते." मग दाढीवरून हात फिरवला. "दाढी करून येणार होतो. प्रवासात वेळ मिळाला नाही."

मला लाज वाटली, पण लाजेला वेळ नव्हता. तो जवळ आला, खालच्या आवाजात भराभर बोलला. "आजी, ह्या गाडीत बसू नका. मुलाला बसू देऊ नका. विकू नका, त्या मुलींच्या बापाला तर नाहीच. इथे सगळे सकाळी थंड इंजिन तपासतात. थंड असताना काही दिसणार नाही. गाडी तापल्यावर बघा. एसी लावून तासभर चालवा, मग इंजिनाच्या मागे पेट्रोलची नळी जिथे जोडली आहे तिथे बघा. जोड तापला की सैल होतो. खाली धुराड्याची नळी लाल तापलेली असते."

"मग कागदावर लिही की."

"लिहिलंय. वर दिलंय."

"वर म्हणजे कुठे?"

त्याने मॅनेजर गेला त्या दाराकडे बघितलं. "मला घर आहे, आजी," एवढंच म्हणाला. मॅनेजर बाहेर आला तसा तो इंग्रजीत म्हणाला की दोष आढळला नाही, फक्त खबरदारी म्हणून एक नळी बदलू, गाडी ठेवून जा.

मी मुलाच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि कमरेला खोचली. "गाडी ठेवायची नाही. चालवायची पण नाही. ओढून घरी न्यायची."

"आई, तमाशा करू नकोस."

"तो माणूस मराठी आहे. त्याने सगळं ऐकलंय. बोकडसुद्धा."

मुलाचा चेहरा राखेसारखा झाला. मग मी त्याला बाकीचं सांगितलं, भर सर्व्हिस सेंटरात, कानात. आयुष्यात पहिल्यांदा मराठी कुजबुजून बोलले. त्याने तिथेच उभं राहून मन्नारगुडीच्या माणसाला फोन केला आणि गाडी द्यायची नाही, तिच्यात धोका आहे, असं तमिळमध्ये स्वच्छ सांगितलं. पलीकडचा माणूस बहुतेक शिव्या देत होता. मुलगा ऐकत राहिला.

वकीलबाईला गाडी घरी आणली ते पटलं. "त्यांच्याकडे राहिली असती तर नळी बदलली असती आणि पुरावा गेला असता. आता तपासणी होईपर्यंत हात लावायचा नाही. पेट्रोलही काढायचं नाही, मग ते म्हणतील तुम्हीच काहीतरी उघडलंत." नोटीस गेली, उत्तर आलं की गाडी निर्दोष आहे. आयोगात तक्रार दाखल झाली.

ती म्हणाली, "पाट्टी, इंजिनियर काय बोलला ते शपथेवर लिहून द्या. जोर येईल."

"नाही देणार."

"तुमच्या मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"तो माझ्याशी मराठीत बोलला. तो कुठला, कसा दिसतो, मी कोणाला सांगणार नाही. माझ्या नाकाचं लिहा. वास संध्याकाळी येतो, सकाळी येत नाही. हे मी त्याच्या आधीपासून सांगतेय."

तिने पेनाचं टोपण काढलं आणि तेच लिहिलं. मी तमिळमध्ये सही केली.

तपासणीची तारीख लवकर मिळेना. गाडी माझ्या ओट्याला चिकटून उभी. पलीकडच्या भिंतीला माझं स्वयंपाकघर, त्यात गॅसचा सिलिंडर. गाडी चालत नव्हती, थंड होती, मला माहीत होतं. तरी दिवाळी आली तेव्हा पोरांच्या बाणांपुढे मी गाडीवर ओली गोणपाटं टाकून बसले. ज्याचा बाण आमच्या बाजूला वळला त्याच्या आईबापाचा उद्धार केला. कार्तिकैला, म्हणजे इथल्या दिव्यांच्या सणाला, साऱ्या गल्लीत दारोदार पणत्या लागल्या. आमचं दार तेवढं काळोखात. शेजारीण म्हणाली, "ज्या घरात कोणी गेलंय तिथेच दिवा लावत नाहीत, पाट्टी." मी ते ऐकून घेतलं, पण दिवा लावला नाही.

शेवटी आयोगाने इंजिनियरिंग कॉलेजच्या प्राध्यापकाला तपासायला सांगितलं. कंपनीच्या वकिलाने सकाळची वेळ मागितली. आमच्या वकीलबाईने अर्ज दिला की गाडी एसी लावून, तासभर चालवून, इंजिन चालू असतानाच तपासावी. कंपनीच्या वकिलाने कारण विचारलं. तिने माझं नाकाचं लिखाण वाचून दाखवलं. लोक हसले म्हणे. अर्ज मंजूर झाला.

कॉलेजच्या मैदानावर दुपारी आम्ही सगळे उभे. गाडी चालवायची कोणी? कंपनीने ड्रायव्हर आणला होता. तो गाडीकडे बघून म्हणाला, माझं पोट बिघडलंय. कंपनीचा वकील आभाळाकडे बघत होता. प्राध्यापक म्हणाले, मालकच चालवेल का? माझा मुलगा पुढे झाला.

सुनेने माझा दंड धरला. तिची नखं रुतली.

"काच खाली ठेव," मी ओरडले.

"एसी लावायचाय, आई."

"लाव. काच खाली ठेवून लाव."

तो मैदानाला फेऱ्या मारत राहिला. ऊन, धूळ, तो पांढरा पत्रा. दर फेरीला तो आमच्या समोरून जाई आणि मी त्याचा चेहरा बघे. लहानपणी कांजिण्यांचा ताप चढला होता तेव्हा असा दिसत होता. सून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. मी काही म्हणत नव्हते. मला फक्त वास घ्यायचा होता, आणि अर्ध्या वेळानंतर तो आला.

"आला," मी म्हटलं. प्राध्यापकांनी गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि बॉनेट वर केलं. बाजूला आग विझवायचा लाल डबा घेऊन एक माणूस उभा होता. प्राध्यापक वाकले, बॅटरीचा उजेड मागे टाकला, कंपनीच्या वकिलाला बोटाने बोलावलं. वकिलाने डोकं आत घातलं. मी थेंब बघितला नाही, पण ऐकला. तापलेल्या तव्यावर पाण्याचा हात झटकला तसा आवाज. मग दुसरा. मग इंजिन आचके देऊन मेलं आणि खालून निळी जीभ वर आली.

"उतर!" मी किंचाळले. "उतर रे!"

दार उघडलं नाही. तो खटका ओढतोय ते मला दिसत होतं. सून धावली, कोणीतरी तिला मागे खेचलं. मग मुलाने खटका सोडला आणि उघड्या काचेतून डोकं, खांदे, पोट, असं बाहेर फेकलं आणि धुळीत पडला. डब्यातला पांढरा फवारा सुटला. आग विझली. सगळं फार लवकर झालं, पण मला अजूनही ते हळूहळू होताना दिसतं.

मुलगा धुळीतून उठला आणि मला म्हणाला, "काच खाली होती म्हणून."

मी त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. मग त्याला धरून बसले.

प्राध्यापकांनी बघितलं ते लिहिलं. आयोगाने कंपनीला गाडी परत घ्यायला आणि किंमत परत द्यायला सांगितलं. कंपनी वरच्या आयोगात अपिलात गेली आहे. ते चालू आहे. वकीलबाई म्हणते निकाल टिकेल. मुलगा आणि सून बसने जातात. ओट्याजवळची जागा मोकळी आहे आणि यंदा कार्तिकैला मी दिवे लावले. त्या दाढीवाल्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. त्याचं वर दिलेलं अजून वरच आहे.

मुलाने सरकारकडे तक्रार नोंदवली आहे. सगळ्या गाड्या परत बोलवायला आणखी तक्रारी लागतात म्हणे. तोवर तशाच पांढऱ्या गाड्या ह्या गावात फिरतायत. माझी भीती आता घरात नाही, रस्त्यावर गेली आहे. बाजारात तशी गाडी दिसली की माझे पाय थांबतात.

परवा राजवाड्यासमोर एक उभी होती. इंजिन चालू, काचा बंद, मागच्या सीटवर एक लहान मूल आईस्क्रीम खात होतं. मी काचेवर टकटक केली. माणसाने काच थोडीशी खाली केली आणि फटीतून एक नाणं बाहेर धरलं.

"पैसे ठेव," मी म्हटलं. "काच पूर्ण खाली कर आणि नाक बाहेर काढ. वास येतो का सांग."

तो बायकोकडे बघून हसला. काच वर जायला लागली. मी फटीत हात घातला, तोच, चटक्याचा डाग असलेला, आणि म्हटलं, "मुलाला आधी उतरव. मग माझ्यावर हस."

माझा आवाज कसा झाला असेल कोण जाणे. तो हसायचा थांबला. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि बॉनेटजवळ जाऊन वाकला. बायकोने मुलाला कडेवर घेतलं आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"वास येतो," तो म्हणाला. "बरेच दिवस येतोय, पाट्टी. मला वाटलं, नवी आहे म्हणून."

मी त्याला वकीलबाईचं घर दाखवायला पुढे चालू लागले. तो गाडीत बसायला वळला, तेव्हा मी सांगितलं, चालत ये.